दीड एकर विकून नोकरी?

मॅडम,
माझं वय २९. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालोय. चार वर्षं तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. आठवड्याला नऊ तास मिळतात, पैसे वर्षातून दोनदा येतात, तेही उशिरा. उरलेला वेळ घरच्या शेतात असतो. चार एकर आहे. सोयाबीन, ज्वारी, थोडा भाजीपाला. धाकटा भाऊ शेती बघतो. मागच्या महिन्यात आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलो होतो, तर एफ.वाय.ची तीन-चार मुलं समोरून आली. मी उठून टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्गात मान वर झाली नाही. जवळच्या एका संस्थेत कायम जागा निघणार आहे म्हणतात. त्यांच्या माणसानं २२ लाख सांगितले. वडील रस्त्याकडेची दीड एकर द्यायला तयार आहेत, विहीर त्यातच आहे. कमी पडतील ते मामा आणि एक ओळखीचे देतील. वडील म्हणतात, कायम झालास की चार वर्षांत परत घेऊ. लग्नाचंही बघतायत, तिथंही पहिला प्रश्न तोच, मुलगा कायम आहे का? मॅडम, मी नेमका कोण, शेतकरी की प्राध्यापक? दोन्हीतलं एक सोडून द्यावं का? मुलांसमोर उभं कसं राहू?
— एक तासिका प्राध्यापक, जि. धाराशिव

लेकरा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू विचारलंस ते मुलांसमोर उभं राहण्याबद्दल. २२ लाखांबद्दल काहीच विचारलं नाहीस. ते सांगून टाकलंस आणि लग्नाच्या गोष्टीवर गेलास, म्हणजे तुझ्या मनानं ते जवळजवळ ठरल्यातच जमा आहे. म्हणून मी आधी तिथंच थांबते. ती जमीन विकू देऊ नकोस. वडिलांनी उद्या पैसे हातावर ठेवले तरी घेऊ नकोस.

हे मी कुठून बोलते ते सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल, पेन्शन घेणाऱ्या बाईला उपदेश करायला काय जातं.

माझं गाव बालाघाटाच्या डोंगराकडेला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांची होते. विहिरीचा तळ दिसत होता, रब्बीची ज्वारी पेरलीच गेली नाही. आई आणि मी पाझर तलावाच्या कामावर जायचो. आई खडी फोडायची, मी पाट्या उचलायचे. पोटात मिलोची लाल ज्वारी आणि वाटपातली सुकडी. शाळेचं ते वर्ष बुडालं. पुढं पाऊस झाला, शाळा पुन्हा सुरू झाली, पण सकाळी आणि सुट्टीत हातातलं खुरपं काही सुटलं नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान भाऊ सातवीनंतर घरी राहिला. घरातल्या एकानंच शिकायचं असं परिस्थितीनं ठरवलं होतं आणि मुलगी असूनही ते माझ्या वाट्याला आलं, कारण मला गणित येत होतं आणि भावाला बैल. त्याला विचारलं कुणीच नाही. हे वाक्य लक्षात ठेव, मी त्यावर परत येणार आहे.

कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत मला रोपवाटिकेचं काम मिळालं. रोज दोन तास पाणी घालायचं, तण काढायचं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना एकदा सरांनी टेबलावर केन्याचा झुबका आणून ठेवला. कॉमेलिना बेंघालेन्सिस. ते म्हणाले, शेतकरी याला कंटाळलेला असतो, कितीही खुरपलं तरी हे परत येतं, का येत असेल? वर्ग गप्प. मी म्हणाले, सर, याला मातीखाली पण फूल येतं. सगळे हसले. मी सांगत गेले, जमिनीत याच्या पांढऱ्या फांद्या जातात, त्यांना बारीक बोंडं धरतात, चिमटीत फोडलं की बी निघतं. वरचं उपटलं तरी खालचं राहतंच. सर हसले नाहीत. त्यांनी अख्खा वर्ग रोपवाटिकेत नेला आणि मला खुरपं दिलं. मी उकरून दाखवलं. मग ते बोलायला लागले. ही फुलं कधीच उमलत नाहीत, मिटलेल्या फुलातच परागण होतं, याला क्लिस्टोगॅमी म्हणतात. वर निळ्या फुलांचं वेगळं बी, खाली मातीतलं वेगळं. मला नाव माहीत नव्हतं पण वस्तू माहीत होती. वर्गातल्या बाकीच्यांना दोन्ही माहीत नव्हतं. शिकवायचं काम आपल्याला जमेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

१९८४ ला एम.एस्सी. झाले. पुढची पाच वर्षं तुझ्यासारखीच गेली, तेव्हा आम्हाला ॲडहॉक म्हणत. जूनमध्ये घ्यायचे, एप्रिलमध्ये सोडायचे. १९८८ मध्ये एका संस्थेत कायम जागा होती. ‘इमारत निधी’ म्हणून २० हजार सांगितले. व्याख्यात्याची नवी वेतनश्रेणी तेव्हा २,२०० ते ४,००० ची होती, आमच्या घराला तो आकडा स्वप्नातला. वडील माळाकडची दोन एकर द्यायला निघाले. तलाठ्याकडून सातबारा आणला. संध्याकाळी आम्ही तो कागद बघत बसलो होतो, तर भाऊ दारातच उभा राहून म्हणाला, ‘ताई, तू पगारावर गेल्यावर मी नांगर कुठं धरायचा?’ एवढंच म्हणाला आणि गोठ्यात गेला. त्याची शाळा माझ्यासाठी आधीच गेली होती. आता त्याच्या खालची जमीनही मीच काढून घ्यायला निघाले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तो सातबारा मी दुसऱ्या दिवशी पेटीत ठेवला. अजून माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी घरापासून ९० किलोमीटरवर, एक पैसा न देता जागा मिळाली. त्यात नशिबाचाही वाटा होता, हे मी मोकळेपणानं मान्य करते. तुझ्या वाट्याला ते तसंच येईल असं वचन मी देऊ शकत नाही.

आता तुझं पत्र परत काढ आणि भावाबद्दल किती लिहिलंस ते बघ. ‘धाकटा भाऊ शेती बघतो.’ चार शब्द. वडील तयार आहेत, मामा तयार आहेत, ओळखीचे तयार आहेत, आणि ज्याची विहीर जाणार तो तयार आहे का, हे पत्रात कुठंच नाही. बहीण असेल तर तिचाही प्रश्न आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो हक्क कायद्यात नसता तरी मी तुला हेच म्हटलं असतं.

वडिलांचा हिशेब मला कळतो. त्यांनी आयुष्यभर पावसाकडे बघून पैसे मोजलेत, महिन्याच्या महिन्याला पगार म्हणजे त्यांना बारमाही पाण्यासारखा वाटणार. पण तो हिशेब कागदावर मांडून त्यांना दाखव. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता. दिसायला मोठं आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शन आपोआप लागू नाही, पगारातूनच त्यासाठी कपात होते. दीड एकरात २२ लाख पुरे होणार नाहीत असं तूच लिहिलंयस, म्हणजे उरलेल्या रकमेचं व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू. लग्न, घर, आईवडिलांचं आजारपण याच पगारात. आणि रस्त्याकडेची, विहिरीची जमीन एकदा गेली की चार वर्षांनी तिचा भाव तोच राहत नाही. अशी जमीन परत घेतलेलं कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. उरणार अडीच एकर कोरडवाहू, आणि त्यावर भाऊ.

दुसरी गोष्ट त्या जागेची. ‘निघणार आहे म्हणतात’ असं तू लिहिलंस. कोण म्हणतं? अनुदानित महाविद्यालयातली कायम जागा कुणाच्या म्हणण्यानं निघत नाही. आधी त्या विषयाचा कार्यभार, म्हणजे पुरेसे तास, बसावा लागतो, मग ते पद भरायला शासनाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ते सांगणारी यादी, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, त्यात तुझ्या प्रवर्गाचा बिंदू आहे का ते बघावं लागतं. मग वर्तमानपत्रात जाहिरात. मग कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ असलेली निवड समिती. निवड झाली तरी विद्यापीठाची मान्यता, आणि त्यानंतर उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात वेतननिश्चिती. यातली एक पायरी अडकली तर पगार अडकतो. त्या माणसानं तुला यातला कोणता कागद दाखवला? पद अनुदानित तुकडीवर आहे की विनाअनुदानित, एवढं तरी सांगितलं का? माझ्या ओळखीतल्या एका मुलानं पैसे भरले, नेमणूक पत्रही मिळालं. विषयाला विद्यार्थी घटले, कार्यभार बसेना, मान्यता रखडली. ‘पगार सुरू होईल’ या भरवशावर तो सात वर्षं फुकट शिकवत राहिला. दिलेल्या पैशांची पावती नव्हती, मागायला तोंड नव्हतं. त्याच्या वडिलांनी विकलेल्या रानात आता मंगल कार्यालय उभं आहे. तो त्या रस्त्यानं जात नाही.

कायद्याचंही ऐक. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लोकसेवकातच मोडतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच देणारा सुटतो. म्हणजे जमीन विकून तू जे विकत घेशील त्यात हा धोकाही असणार, आणि तो तुझ्या वडिलांच्याही अंगावर येईल. तक्रार करायची ताकद तुझ्यात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. ताकद नसेल तर मी तुला भित्रा म्हणणार नाही. छोट्या गावात असल्या माणसांशी वैर घेणं काय असतं ते मला माहीत आहे. पण न देणं तरी तुझ्या हातात आहे.

एक गोष्ट मला फार लागते, ती इथं बोलून टाकते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. बायका जात्यावर बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढायच्या, तो मुष्टिफंड. आपण ज्याला कमवा आणि शिका म्हणतो, ते त्या मातीतून आलं. माझ्यासारखी खडी फोडणारी मुलगी कॉलेजात शिरली ती असल्या मुठीमुठींवर. शिक्षणसंस्था शेतकऱ्याच्या पोरासाठी सोनं विकून उभ्या राहिल्या, आणि आज त्याच पोराच्या बापाला तिथं शिरण्यासाठी विहीर विकायला सांगितली जाते. याचा मला संताप येतो, आणि तो तुलाही यावा असं मला वाटतं. तुझ्या पत्रात संताप नव्हता, नुसती लाज होती. चुकीच्या माणसाला लाज वाटतेय बाबा.

आता लाजेकडे येते. हे मी केलंय, म्हणून सांगते. कायम झाल्यावर चार वर्षं मी दर माघ-फाल्गुनात रजेचा अर्ज द्यायचे, कारण लिहायचे ‘प्रकृती अस्वास्थ्य’. खरं म्हणजे मी ज्वारी काढायला गावी जायचे. वडील थकले होते, मजूर मिळत नव्हते, भाऊ आणि वहिनी दोघंच. मालदांडी उपटताना तळहाताला जे होतं ते तुला माहीत आहे, परत आल्यावर मी खडू रुमालात धरायचे. एका वर्षी ऑफिसातल्या क्लार्कनं अगदी काळजीनं विचारलं, ‘मॅडम, दर फेब्रुवारीला तुमची तब्येत बिघडते, एकदा मोठ्या डॉक्टरांना का दाखवत नाही?’ त्या माणसाची काळजी खरी होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. पुढच्या वर्षी अर्जात लिहिलं, ‘घरची ज्वारी काढणी, आठ दिवस’. प्राचार्यांनी सही केली आणि विचारलं, यंदा उतारा काय पडला? त्यांच्याकडेही शेत होतं. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांकडे होतं, आणि आम्ही सगळे एकमेकांपासून लपवत होतो.

तुझ्या समोरून आलेली ती एफ.वाय.ची मुलं कुणाची होती असं तुला वाटतं? धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातली मुलं. त्यातल्या किमान दोघांनी त्या आठवड्यात सोयाबीन किंवा भाजी बाजारात नेली असेल. त्यांना सर जुड्या विकताना दिसले, यात त्यांना काही वाटलं नसेल. सर पळून टेम्पोमागे गेले, त्यावरून मात्र ती काहीतरी शिकली असणार, आणि ते तू शिकवायला नको होतं. भाषण देऊ नकोस, खुलासा करू नकोस. पुढच्या बाजाराला तिथंच बस. ती आली तर नावानं हाक मार आणि कोथिंबिरीचं कुळ विचार. एपिएसी म्हणाली तर जुडी फुकट दे.

शेतकरी की प्राध्यापक, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण मला तो प्रश्नच कधी नीट कळला नाही. मी ३१ वर्षं कायम नोकरी केली आणि वर्गात जे जे चांगलं शिकवलं ते खुरप्याच्या टोकाला आधी भेटलेलं होतं. लव्हाळ्याच्या गाठी, हराळीची पेरं, गाजरगवतानं हाताला उठणारी खाज. पुस्तकातली आकृती मुलं विसरतात, खाज विसरत नाहीत.

राहिला पुढचा मार्ग. शेत सोडू नकोस, कॉलेज आत्ता सोडू नकोस, पण वाट बघत बसणं सोड. मला तुझी खरी काळजी त्याची आहे. चार वर्षं तू एकाच दारात उभा आहेस. तुझी सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती आहे. देशपातळीची पात्रता परीक्षा, नेट, दे. नेट झालास तर देशातलं कुठलंही कॉलेज, केंद्रीय विद्यापीठंसुद्धा, तुझ्यासमोर उघडतात. पण वनस्पतिशास्त्राची नेट विद्यापीठ अनुदान आयोगाची (युजीसी) नसते, ती वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) जीवशास्त्राच्या पेपरातून द्यावी लागते, अभ्यासक्रम रुंद आहे, रेणवीय जीवशास्त्रावर जोर आहे. पावसाळ्यात कामं असतात हे धरून आत्तापासून रोज तीन तास काढ. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून तिचे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी.चा प्रश्न सुटतो. वयाची अट असते. राखीव प्रवर्गात असशील तर सवलत आहे, नसशील तर २९ म्हणजे हातात वेळ फार थोडा आहे, म्हणून पुढचाच फॉर्म भर. पीएच.डी.साठी प्रवर्गानुसार शिष्यवृत्ती देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी जी संस्था तुला लागू होते तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. शासकीय महाविद्यालयांतल्या जागा लोकसेवा आयोग भरतो, तिथं कुठल्या संस्थेचा माणूस बावीस लाख घेऊन मध्ये उभा नसतो. केंद्रीय विद्यालयं, नवोदय, कृषी खातं, यांतल्या तुझ्या पात्रतेत बसणाऱ्या परीक्षांचेही फॉर्म भर. शाळेत शिकवणं म्हणजे खाली उतरणं नव्हे, माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी आज शाळांमध्ये आहेत.

आणि सध्याच्या कॉलेजात नऊ तासांचे पैसे मिळतात तर नऊच तास दे. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली, प्रवेशाचा प्रचार, परीक्षेची गाडी, हे सगळं तासिकावाल्यांच्या डोक्यावर टाकतात आणि ते ‘पुढं उपयोग होईल’ म्हणून करतात. होत नाही. तो वेळ नेटला दे. दर वर्षीचा नेमणूक आदेश आणि अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र हक्कानं मागून घे, फाइलला लाव.

मुलीकडच्यांना सांग, कायम नाही, चार एकर आहे, विहीर आहे, परीक्षा देतोय. ज्या घराला हे चालणार नाही, ते घर बावीस लाखांचं व्याज भरताना तुझ्यासोबत उभं राहिलं असतं का, याचा विचार वडिलांना करू दे.

वडिलांना आज-उद्याच सांग, गिऱ्हाइकानं विसार देण्याआधी. एकटा जाऊ नकोस, भावाला सोबत घे, आणि बोलण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचार की त्याच्या मनात काय आहे. तो जे म्हणेल ते मला कळव.

ऑगस्टमध्ये केना चांगला माजतो. तेव्हा तुझी एफ.वाय.ची मुलं प्रात्यक्षिकाला तुझ्याच शेतात घेऊन जा. परवानगीच्या अर्जावर ठिकाण म्हणून तुझा गट नंबर लिही. दहा-बारा खुरपी लागतील, भिंगं कॉलेजातून घे. मातीखालची फुलं बारीक असतात, सैल ओल्या मातीत सापडतात, वापशावर ने. जेवण आईवर टाकू नकोस, मुलांना डबे आणायला सांग.